घडी मोडली म्हणून

४ फेब्रुवारी

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ‘प्रमुख, संवाद विभाग’ हे मी आरशासमोर उभं राहून दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. नणंद प्रमुख झाली, आता भावजयीनं उठून उभं राहायचं का, ते एकदा कळव. आणि एक सांग, संवादासाठी संस्थेत वेगळा विभाग लागतो, तर बाकीच्या विभागांत काय मुके बसतात?

फोन करत जा म्हणतेस. पण फोनवर तुझा एक कान ऑफिसात असतो. ‘हो वहिनी, हो वहिनी’ करतेस आणि मला कळतं की तू दुसरंच काहीतरी वाचते आहेस. पत्राला निदान दोन्ही डोळे लागतात.

इकडे हॉस्पिटलच्या लाँड्रीत तुमच्या मोठ्या ऑफिसातून परिपत्रक आलं. तुझ्या आधीच्या माणसानं लिहिलेलं असणार, तू असलं लिहिणार नाहीस. ‘सहायक सेवांचे सुसूत्रीकरण करण्यात येत असून कर्मचाऱ्यांना योग्य ठिकाणी सामावून घेण्यात येईल. सहकार्य अपेक्षित आहे.’ कांजीनं ते घडीच्या टेबलाजवळ उभं राहून वाचलं. कांजी आठवते ना? शाळा सुटल्यावर तू त्या टेबलाखाली गाठोड्यावर बसून गृहपाठ करायचीस आणि ती वरून तुझं शुद्धलेखन तपासायची. अजून तशीच कडक आहे, नाव उगाच नाही पडलेलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “बायांनो, कुणीतरी मेलंय. कोण, ते तेवढं लिहायचं राहिलंय.”

हसलो सगळ्या, पण तेवढ्यापुरतं. मागच्या खेपेला ‘सुसूत्रीकरण’ आलं तेव्हा हॉस्पिटलचं स्वयंपाकघर गेलं. तिथल्या बायका कुठे गेल्या ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. आता आमचं ठरलंय. जुन्या करारात लिहिलंय की लाँड्रीतल्या बायकांनी हात वर केल्याशिवाय लाँड्रीला कुणी हात लावायचा नाही. तर हात वर करायचा नाही, कुणी कितीही गोड बोलो.

तू आता त्या खुर्चीत आहेस म्हणून फुकटचा सल्ला देते. माणसांशी बोलायचं तर माणसासारखं लिहा. तुझ्या दादाला कुठे लिहिता-बोलता यायचं? पण बॉयलर फुटला त्या दिवशी सगळ्या चादरी काळ्या पाण्यात गेल्या, आम्ही रडकुंडीला आलो, तेव्हा काजळलेलं तोंड घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “अगं, घडी मोडली म्हणून कापड फाटत नाही. चला, परत धुऊ.” आणि स्वतः बादल्या उचलायला लागला. तेव्हापासून कुणाचं पोर नापास होवो, कुणाचं लग्न मोडो, इथे हेच म्हणतात. तो गेला तेव्हा कांजीनं माझा हात धरून हेच म्हटलं. त्या दिवशी मला तिचा संताप आला होता. दुसऱ्या दिवशी कामावर आले ती मात्र त्याच वाक्याला धरून.

आता एकच विचारते. लाँड्री बंद करणार आहात का? तू जे सांगशील ते मी खरं धरीन, आणि माझ्यावर भरवसा ठेवून बाकीच्याही धरतील.

तुझी,
वहिनी

२० फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. नमस्कार.

तुझं पत्र मी जेवायच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. ‘कुणीतरी मेलंय’ वाचून तर घासच अडकला. ते परिपत्रक खरंच माझं नाही. मी आल्या आल्या साहेबांना सांगितलं की असं लिहून माणसं जवळ येत नाहीत, पळतात. साहेब चांगले आहेत गं. ते म्हणतात, संस्था बदलायची तर आधी ऐकायला शिकलं पाहिजे. असं म्हणणारा साहेब मी पहिल्यांदा बघितला.

तू विचारलंस त्याचं उत्तर: इथे ‘बंद’ हा शब्द कुणीही उच्चारलेला नाही. शपथेवर सांगते.

तू मात्र लिहीत राहा. बायका काय बोलतात, त्यांना नेमकी कशाची भीती वाटते, सगळं लिही. इथे काचेच्या खोलीत बसून मला काही ऐकू येत नाही. तुझं पत्र आलं की टेबलाखालच्या गाठोड्यावर बसल्यासारखं वाटतं. दादाचं ते वाक्य वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तुझी,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं उत्तर मी सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘शपथेवर’ शब्दाशी कांजी थांबली. म्हणाली, “बंद म्हणत नाहीत, मग काय म्हणतात ते विचार.” मी म्हटलं, तुला सवयच झाली आहे दुधात मीठ शोधायची. जरा भांडलो. पण दुपारपर्यंत बऱ्याच जणींचा जीव भांड्यात पडला.

भीती कशाची विचारतेस. काम जायची आहेच, ती कुणाला नसते? पण खरी भीती वेगळी आहे. यांना एकमेकींपासून तोडतील याची भीती वाटते. चादरीला दोन माणसं लागतात, चिमणे. इस्त्रीच्या रोलरमधून चादर निघते ती हाताला चटका देत निघते. दोन टोकं दोघींनी धरायची, झटका द्यायचा, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं. झटका कधी द्यायचा हे समोरचीच्या डोळ्यांत बघून कळतं. बाळंतपणं, सासवा, नवऱ्यांची दुखणी, सगळं या बायकांनी चादरीच्या दोन टोकांना उभं राहून निभावलंय. उद्या कुणी म्हणालं की तू त्या वॉर्डात जा आणि तू त्या गेटवर जा, तर पोट भरेल, पण माणूस वाळून जाईल. एकत्र ठेवा आणि तोंडावर खरं सांगा, मग या दगडसुद्धा धुऊन देतील.

तू घरची म्हणून एक सांगते, बाहेर बोलू नकोस. कांजीचा आवाज मोठा आहे, पण तिला “तुम्हाला काय वाटतं?” असं सगळ्यांच्या आधी विचारलं की ती निम्मी विरघळते. आयुष्यात तिला हे कुणी विचारलंच नाही. नवऱ्यानं नाही, मुलानं तर नाहीच. आणि कांजी वळली की सगळ्या वळतात. मला कधी तिच्याकडून काही हवं असलं की मी हेच करते, आणि तिला ते कळत नाही, याचं मला मनातल्या मनात हसू येतं.

जेवण वेळेवर घेत जा. पत्रं वाचत जेवू नकोस, ठसका लागेल.

तुझी,
वहिनी

२ एप्रिल

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे. पंधरवड्यात तुमच्याकडे सभा आहे. साहेब स्वतः येणार. मला येता येणार नाही, पण त्या दिवशी जे काही दिसेल आणि ऐकू येईल ते सगळं मी लिहिलेलं असेल. तू पुढे बस. एक गंमत आहे, आत्ता सांगत नाही. तुला अभिमान वाटेल.

तुझी चिमणी

१७ एप्रिल

चि. चिमणीस आशीर्वाद.

सभा झाली. काय लिहू आणि कुठून सुरू करू ते कळत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सकाळी आलो तर भिंतीवर हा एवढा मोठा फलक. ‘घडी मोडली म्हणून कापड फाटत नाही.’ खाली ‘चला, नवी घडी घालू या’ आणि चादर धरलेल्या दोन बायकांचा फोटो. नखं रंगवलेल्या. चादर अशी धरलेली की जणू कुणाच्या अंगावरून आत्ताच ओढून आणलीय. पण मला ते सगळं नंतर दिसलं. आधी ते वाक्य दिसलं आणि मी दारातच उभी राहिले. वाटलं, तुझा दादा बॉयलरच्या खोलीतून आत्ता बाहेर येईल. सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या, एकीनं माझा गाल ओढला. मी रडले, चिमणे. आनंदानंच रडले.

साहेब खुर्चीवर बसले नाहीत. आमच्याबरोबर गाठोड्यावर टेकले. म्हणाले, “चादरीला दोन माणसं लागतात. एक टोक संस्थेच्या हातात आहे, दुसरं तुमच्या.” मग भाषण सोडून एकदम कांजीकडे वळले आणि विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

शब्द ओळखीचे वाटले. मी मनाला गप्प बसवलं. म्हटलं, भला माणूस आहे, सुचलं असेल.

कांजी विरघळली. माझ्या डोळ्यांदेखत. तोंड उघडलं आणि तिच्या बोलण्याचा पूरच आला. साहेबांनी मान हलवत सगळं ऐकलं. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “हे सगळं तुझ्या नणंदेनं लिहिलंय ना? मग काय करू, तू सांग.” आणि मी म्हटलं, “घरच्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर?” बदलाच्या बाजूनं पहिला हात मी वर केला.

सगळ्यांनी केला. मग चहा झाला. माझं मात्र काहीतरी खुपतंय, दातात अडकल्यासारखं. साहेब तीनदा म्हणाले, “सगळ्यांना सामावून घेऊ.” सामावून म्हणजे एकत्रच ना गं? मला नुसतं ‘हो’ म्हणून पाठव, पुरे.

तुझी,
वहिनी

२१ मे

चिमणे,

उत्तर नाही. काल रोलर उचलून नेला. जमिनीवर त्याच्या पायांचे चार पांढरे चौकोन राहिलेत. न्यायला आलेले लोक म्हणाले, दुरुस्तीला. ट्रकवर भंगारवाल्याचं नाव होतं.

वहिनी

६ जून

ती. वहिनीस सा. नमस्कार.

उशिराबद्दल माफ कर. टाइप करून पाठवते आहे, हातानं लिहायला वेळच नाही.

इथे तुमच्या सभेचं फार कौतुक झालं. साहेब म्हणाले, गेल्या कित्येक वर्षांत इतक्या शांतपणे कुठलाही बदल झाला नव्हता. आता आपल्या बाकीच्या हॉस्पिटलांतही तोच मजकूर जाणार आहे. वहिनी, तुझ्या शब्दांनी एवढी मोठी संस्था हलली, याची तुला कल्पना नाही.

‘सामावून’बद्दल विचारलं होतंस. धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. प्रत्येकीला तिच्या योग्यतेप्रमाणे स्वतंत्र संधी मिळेल. म्हणजे हे ‘बंद’ नाही, तर सेवेचं स्थलांतर आहे. एकत्र ठेवणं सध्याच्या रचनेत शक्य होत नाही, पण नात्यांची घडी तशीच राहील, असं आम्ही पत्रकात आवर्जून म्हटलं आहे.

तुझ्यासाठी मी स्वतः शब्द टाकलाय. आनंदाची बातमी लवकरच कळेल.

तुझी,
चिमणी

१२ जुलै

चिमणे,

आनंदाची बातमी कळली. छातीवर लावायला बिल्ला मिळालाय. ‘संवाद सखी’. दवाखान्याच्या दारात टेबल आहे, त्यावर फुलं आहेत, प्लॅस्टिकची. बदलामुळे कुणाला त्रास होत असेल तर त्यानं माझ्याकडे येऊन मन मोकळं करायचं आणि मी ते वर कळवायचं. अजून कुणी आलेलं नाही. समोरून जातात ते दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे बघत जातात.

कांजीला गेटवर काचेच्या खोक्यात बसवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याचे पास बघते. दिवसभर ओठ शिवलेले. बाकीच्या कोण कुठे, कोण कुठे. दोघी तर आल्याच नाहीत.

तो शेवटचा दिवस तुला सांगायलाच हवा, कारण तो तूच लिहिलेला होता. साहेबांनी प्रत्येकीला गुच्छ दिला. आम्ही मात्र काम संपवत होतो, उरलेल्या चादरींची थप्पी हातानं करत होतो. एक टोक माझ्याकडे, एक कांजीकडे. साहेब खुशीत होते. म्हणाले, “हा बदल यशस्वी झाला याचं श्रेय तुमच्यातल्याच एका बाईला आहे. तुमच्या मनात काय आहे, कुणाशी कसं बोलावं, हे त्यांनी पत्रं लिहून आम्हाला वेळोवेळी कळवलं.” आणि माझ्याकडे हात करून टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

कांजी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तिचं टोक सोडून दिलं. त्या खोलीत चादर जमिनीवर पडलेली मी पहिल्यांदा बघितली. मला म्हणाली, “इतके दिवस तू आमच्याशी बोलत होतीस, की आमच्याबद्दल?”

“तुम्हाला काय वाटतं” हे तिला विचारायचं मीच तुला शिकवलेलं. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून विचारलं असं तिला वाटलं होतं, गं. घरी जाऊन सुनेला सांगितलं होतं तिनं.

तू ज्या टेबलाखाली वाढलीस ते टेबलही गेलं. आता तुझ्या दादाचं वाक्य कुणी म्हणत नाही. परवा दवाखान्यात एक बाई रडत होती, तिला धीर द्यायला मी सवयीनं तोंड उघडलं, तर माझ्या मागच्या भिंतीवर तेच वाक्य होतं आणि खाली संस्थेची खूण. मी तोंड मिटलं. माझ्या नवऱ्याचं बोलणं माझ्या तोंडात जाहिरात होऊन बसलंय.

तू म्हणाली होतीस, ‘बंद’ हा शब्द कुणीही उच्चारलेला नाही. आता कळलं. उच्चारायचा नाही, असंच ठरलं होतं ना? आणि ते ठरवायलाच तुला तिथे बसवलं होतं.

वहिनी

३ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र मी वाचलं आणि दोन दिवस कामावर गेले नाही.

तू म्हणतेस ते सगळं खरं धरलं तरी मला एक सांग, मी काय करायला हवं होतं? लाँड्री आज ना उद्या जाणारच होती. ती सुसूत्रीकरणाच्या भाषेत गेली असती आणि तुम्ही पुन्हा विचारत बसला असता की मेलं कोण. मी निदान माणसाच्या भाषेत सांगितलं. तूच म्हणाली होतीस, माणसासारखं लिहा. आणि दादा एकट्या तुझा नव्हता. तो माझाही दादा होता. त्याचं वाक्य आज हजारो लोक वाचतात, याचं त्याला वाईट वाटलं असतं असं मला नाही वाटत.

तुझी पत्रं मी साहेबांना दाखवायला नको होती, हे मात्र मान्य. पण ती इतकी चांगली होती, वहिनी. मला वाटलं, बघा, माझ्या घरात कशी माणसं आहेत.

आणि मी काहीच शिकले नाही असं समजू नकोस. कांजीमावशींचं ते वाक्य, ‘आमच्याशी बोलत होतीस, की आमच्याबद्दल’, माझ्या डोक्यातून जात नाही. परवा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी ते सांगितलं. एकदोघांचे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, हे आता पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर घ्यायचं. बघ, तिचं दुःख वाया गेलेलं नाही.

मला शिव्या दे, पण लिही गं. तुझी पत्रं बंद झाली तर मला कुणाचंच काही ऐकू येणार नाही.

तुझीच,
चिमणी

१ सप्टेंबर

प्रति,
मा. प्रमुख,
संवाद विभाग.

विषय: आपले दि. ३ ऑगस्टचे पत्र.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले पत्र प्राप्त झाले. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.

घरगुती पत्रव्यवहाराचे सुसूत्रीकरण करण्यात येत असून यापुढे आपणास योग्य ठिकाणी सामावून घेण्यात येईल. हे ‘बंद’ नसून नात्याचे स्थलांतर आहे, याची कृपया नोंद घ्यावी. ‘तोडणे’ हा शब्द कोणीही उच्चारलेला नाही.

आपल्या दिवंगत बंधूंच्या वाक्यावर या घराचा यापुढे कोणताही हक्क राहिलेला नाही. ते आपल्याकडेच ठेवावे.

सदर पत्रातील सर्व शब्द आपल्या कार्यालयाचे असून ते साभार परत करण्यात येत आहेत. यातला एकही आमच्या घरचा नाही, याची खात्री करून घेतली आहे. सबब पुस्तिकेसाठी यातून काही मिळणार नाही.

सहकार्य अपेक्षित आहे.

आपली विश्वासू,
संवाद सखी

ता. क. काल गेटवर कांजी माझ्याशी बोलली. काय बोलली, ते लिहीत नाही.